घरचे शुक्राणू, पाहुणे शुक्राणू
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गांडुळांबद्दल बोललं की एक प्रश्न हमखास विचारला जातो. मी प्राणिशास्त्र शिकवत असताना वर्गात विचारला जायचा आणि आता श्रोत्यांच्या पत्रांतूनही येतो. गांडूळ उभयलिंगी असतं, म्हणजे एकाच शरीरात नराचे आणि मादीचे दोन्ही अवयव असतात. मग त्याला जोडीदार कशाला लागतो? आपलं आपणच भागवून का घेत नाही?

गांडुळापुरतं उत्तर सोपं आहे. दोन गांडुळं एकत्र येतात, एकमेकांना शुक्राणू देतात आणि मिळालेले शुक्राणू साठवून ठेवतात. सहसा दुसऱ्याशिवाय चालत नाही. पण प्राणिसृष्टीत असेही जीव आहेत की ज्यांना खरोखरच दुसऱ्याची गरज नाही. स्वतःच्या शुक्राणूंनी स्वतःचीच अंडी फळवून ते पिलं जन्माला घालतात. याला स्वफलन म्हणतात. वाटाण्याच्या फुलात हे रोज घडतं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. प्राण्यांतही ते घडतं. पण अशा प्राण्याला नर भेटला तर? घरात स्वतःचे शुक्राणू तयार आहेत आणि बाहेरून पाहुणे शुक्राणूही आले. अंडं मात्र एका वेळी एकच. ते कोणाला मिळणार?

विषय थोडा संकोचाचा वाटेल, पण यात जीवसृष्टीतलं एक मोठं कोडं दडलेलं आहे. ते कोडं म्हणजे, मुळात नर कशाला हवेत?

आधी स्पर्धेची कल्पना समजून घेऊ. एकाच मादीच्या शरीरात एकापेक्षा अधिक नरांचे शुक्राणू एकाच वेळी असले, तर अंड्यासाठी त्यांच्यात चढाओढ होते. गल्लीतल्या कुत्रीच्या एकाच वेतातली पिलं वेगवेगळ्या बापांची असू शकतात, ती यामुळेच. 1970 साली जेफ्री पार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेणावरच्या माशांचा आणि इतर कीटकांचा अभ्यास करून ही कल्पना नीट मांडली. नरांची झुंज मीलनापाशी संपत नाही, ती मादीच्या शरीरातही चालू राहते, असं त्याने दाखवलं. पुढे या अभ्यासाला 'शुक्राणुस्पर्धा' हे नाव रूढ झालं.

एरवी ही स्पर्धा दोन नरांमधली. स्वफलन करणाऱ्या प्राण्यात मात्र एका बाजूला बाहेरचा नर असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष आई! तिचेच शुक्राणू स्पर्धेत उतरलेले असतात.

ही लढत सर्वात बारकाईने पाहिली गेली ती एका इवल्याशा सूत्रकृमीमध्ये. त्याचं शास्त्रीय नाव सीनोऱ्हाब्डायटिस एलेगन्स. नाव लांबलचक असलं, तरी प्राणी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक, कुजणाऱ्या फळांवरच्या आणि पाल्यावरच्या जिवाणूंवर जगणारा. माणसाला त्याचा काहीच त्रास नाही. सिडनी ब्रेनर यांनी 1960च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला प्रयोगशाळेत आणलं. त्याच्यावरच्या कामासाठी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट होर्विट्झ यांना 2002चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. शरीर पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या आत काय चाललं आहे ते थेट दिसतं. आपल्या विषयासाठी याहून सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही.

या कृमीत शुद्ध माद्या नाहीत. उभयलिंगी आहेत आणि नर आहेत. उभयलिंगीचं शरीर मादीसारखंच असतं, फक्त वयात येण्याच्या सुमाराला ती थोडा काळ शुक्राणू बनवते. साधारण तीनशे झाले की ते काम कायमचं बंद होतं आणि त्यानंतर फक्त अंडी तयार होतात. हे शुक्राणू दोन छोट्या पिशव्यांत साठवले जातात. प्रत्येक अंडं गर्भाशयाकडे जाताना या पिशवीतून जातं आणि तिथेच फळतं. दोन उभयलिंगी एकमेकांशी मीलन करू शकत नाहीत. म्हणजे दोनच वाटा उरतात, स्वतःचे शुक्राणू किंवा नर.

तीनशे ही रक्कम तशी तुटपुंजी आहे. अंडी त्याहून पुष्कळ जास्त बनू शकतात. म्हणून हा जीव शुक्राणू अक्षरशः काटकसरीने वापरतो. 1979 साली सॅम्युअल वॉर्ड आणि जॉन कॅरल यांनी दाखवलं की साठवलेला जवळजवळ प्रत्येक शुक्राणू एकेक अंडं फळवतो, वाया जवळपास काहीच जात नाही. माणसाच्या बाबतीत कोट्यवधींमधून एखादाच कामी येतो, हे आठवलं की या काटकसरीची कमाल वाटते.

हे शुक्राणू पोहतही नाहीत. त्यांना शेपूट नसतं. अमिबासारखा एक पाय पुढे काढून ते सरपटतात. अंडं पिशवीतून पुढे सरकताना काही शुक्राणूंना आपल्याबरोबर गर्भाशयात ढकलून नेतं. ते बिचारे पुन्हा सरपटत पिशवीत परत येतात. पुढचं अंडं आलं की पुन्हा तेच. अंडी घालण्याचे चार-पाच दिवस ही ये-जा चालू असते. या पिशवीतली जागा टिकवणं हीच तिथली खरी लढाई.

आता नर येतो. मीलनानंतर त्याचे शुक्राणू गर्भाशयात पोचतात आणि पिशवीकडे सरपटत निघतात. पिशवीत आईचे शुक्राणू आधीपासून मुक्कामाला आहेत. आपल्याला वाटेल, आधी आलेल्याचा हक्क मोठा. प्रत्यक्षात होतं उलटं. पाहुणे येतात, घरच्यांना बाजूला सारतात आणि जागा बळकावतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं! मीलनानंतर जन्माला येणारी बहुतेक पिलं नराची असतात. घरचे शुक्राणू मरत नाहीत, ते फक्त मागे पडतात. पाहुण्यांचा साठा कमी झाला की शिल्लक राहिलेल्यांना पुन्हा संधी मिळू शकते.

हे ओळखायचं कसं? युक्ती साधी आहे. आईत एखादा सहज दिसणारा दोष असतो, उदाहरणार्थ आखूड, जाडसर शरीर. हा दोष दोन्हीकडून आला तरच पिलात दिसतो. स्वफलनाची पिलं आईसारखी आखूड निघतात, धडधाकट नराची पिलं लांबसडक निघतात. रोज पिलं मोजायची, की कोणत्या दिवशी कोणाचे शुक्राणू जिंकले याचा हिशेब मांडता येतो.

पाहुणे जिंकतात ते कशाच्या बळावर? नराच्या वीर्यात आईच्या शुक्राणूंना मारणारं काही रसायन असेल, की अंडंच पाहुण्याला पसंत करत असेल? 1999 साली अँड्र्यू सिंगसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी असे नर घेतले की ज्यांचे शुक्राणू दिसायला आणि सरपटायला ठाकठीक, पण एका जनुकातल्या बिघाडामुळे अंडं फळवू न शकणारे. या नरांशी मीलन झाल्यावर आईच्या स्वतःच्या पिलांची संख्या तरीही घटली. म्हणजे पाहुण्यांनी स्वतः काही केलं नाही, पण घरच्यांनाही करू दिलं नाही. अंड्याची पसंती हे कारण त्यामुळे बाद झालं. अंड्याशी संबंध येण्याआधीच, पिशवीतल्या जागेवरच सामना निकाली निघतो.

जागा मिळवण्यात आकार उपयोगी पडतो. नराचे शुक्राणू आईच्या शुक्राणूंपेक्षा मोठे असतात. क्रेग लॅमुनियन आणि वॉर्ड यांनी 1998 साली दाखवलं की मोठे शुक्राणू अधिक वेगाने सरपटतात आणि लहानांना हुसकावतात. एवढंच नव्हे, दोन नरांमध्येही ज्याचे शुक्राणू मोठे त्याची सरशी होते. मात्र मोठा शुक्राणू बनवायला वेळ जास्त लागतो. थोडे पण दांडगे, की पुष्कळ पण किरकोळ, हा सौदा इथेही आहेच. 2002 साली याच दोघांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नरांची संख्या वाढवून स्पर्धा तीव्र केली आणि साठ पिढ्या वाट पाहिली. या कृमीची पिढी तीन-चार दिवसांची, त्यामुळे हे शक्य झालं. साठ पिढ्यांनंतर शुक्राणूंचा आकार जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. डार्विनची निवड पुस्तकात वाचणं वेगळं आणि अशी डोळ्यांदेखत मोजणं वेगळं.

पण नुसता आकार म्हणजे सगळं नाही. 2015 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एका जनुकाचं काम उलगडलं. हे जनुक बिघडलेल्या नराचे शुक्राणू एकटे असताना नीट काम करतात, पिलं होतात. पण समोर प्रतिस्पर्धी आला की मात्र हरतात. अडचण वाट शोधण्यात आणि जागेवर पोचण्यात येते. अंगात ताकद आहे, पण गर्दीत रेटून पुढे जाता येत नाही, असा हा प्रकार.

आता आपण आईच्या बाजूने विचार करू. तिचे शुक्राणू इतके नमतं का घेतात? शुक्राणू बनवणं तिलाही येतं. मग मोठे, झुंजार शुक्राणू का बनवत नाही? किंवा निदान तीनशेऐवजी पाचशे?

पाचशेचा प्रयोग निसर्गाने नव्हे, पण प्रयोगशाळेने करून पाहिला आहे. जोनाथन हॉजकिन आणि टी. एम. बार्न्स यांनी 1991 साली अशा एका वाणाचा अभ्यास केला, ज्यातल्या उभयलिंगी सुमारे पाचशे शुक्राणू बनवत. साहजिकच पिलंही जवळपास दीडपट. तरीही साध्या वाणाबरोबर वाढवल्यावर हा वाण मागे पडला! कारण शुक्राणू बनवण्याचं काम संपल्याशिवाय अंडी सुरू होत नाहीत. जास्त शुक्राणू म्हणजे पहिलं पिलू उशिरा. कुजलेलं फळ काही दिवसांत संपतं, तिथे ज्याची पिलं आधी त्याची पिढी आधी. चक्रवाढ व्याजात पैसे थोडे कमी पण लवकर गुंतवणारा पुढे जातो, तसंच हे. उशिराच्या पाचशेपेक्षा वेळेवरचे तीनशे फायद्याचे. मोठे शुक्राणू बनवायलाही वेळच लागतो. तेव्हा तिचा हिशेब चोख आहे. काम भागेल एवढे, लहान, झटपट.

शिवाय मीलनात तिचं संख्येने नुकसान नाही. तिला तोटा असतो तो शुक्राणूंचा, अंड्यांचा नाही. नराचे शुक्राणू मिळाले की तिची एकूण पिलं तीनशेवरून हजाराच्याही वर जाऊ शकतात. पण दुसऱ्या बाजूने खर्चही आहे. स्वफलनाच्या पिलात आईचाच सगळा वारसा असतो, नराच्या पिलात तिचा फक्त निम्मा. त्यातून नराची निम्मी पिलं नर होतात आणि नर अंडी घालत नाहीत. मीलन झालेल्या उभयलिंगीचं आयुष्यही कमी होतं, असं प्रयोगांत दिसून आलं आहे. म्हणूनच स्वतःचे शुक्राणू शिल्लक असेपर्यंत ती नराला टाळू पाहते. साठा संपला की तिचा विरोध मावळतो आणि नरांना आकर्षित करणारा गंधही ती सोडू लागते. आधी घरची शिदोरी, ती संपली की मग बाहेर बघायचं.

एवढं सगळं स्वतःचं स्वतः होत असेल, तर नर शिल्लक तरी का राहिले? स्वफलनातून हजारात एखाद-दुसराच नर जन्मतो, तोही गुणसूत्रांच्या वाटणीत एक चुकून गळाल्यामुळे. निसर्गातही नर क्वचितच सापडतात. फ्रान्समधल्या मारी-आन फेलिक्स यांनी बागांतल्या कुजक्या फळांमधून हे कृमी गोळा केले, तेव्हा परफलनाचं प्रमाण अगदी कमी आढळलं.

या प्रश्नाचं एक उत्तर 2011 साली मिळालं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लेव्ही मोरान, कर्टिस लाइव्हली आणि सहकाऱ्यांनी कृमींना एका रोगकारक जिवाणूच्या सहवासात ठेवलं आणि त्या जिवाणूलाही पिढ्यानुपिढ्या बदलत जाऊ दिलं. फक्त स्वफलन करू शकणारे कृमी वीस पिढ्यांच्या आत नामशेष झाले. ज्यांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, त्यांच्यात नरांशी मीलन झपाट्याने वाढलं आणि ते टिकले. रोगजंतू रोज नवी किल्ली घेऊन येतो. घराण्यातल्या सगळ्यांच्या दाराला एकच कुलूप असेल, तर एक किल्ली सगळ्यांचं घर लुटते. नर म्हणजे नवं कुलूप.

आता पाहुण्या शुक्राणूंच्या विजयाकडे पुन्हा पाहा. नर शंभर पिढ्यांत क्वचितच भेटणार असेल, तर तो भेटला तेव्हा त्याचे शुक्राणू वाया न जाता कामी यावेत, याची सोय या जागा बळकावण्यातून आपोआप होते. ही सोय कोणी योजून केली, असा याचा अर्थ नाही. नराचे शुक्राणू नराच्याच फायद्यासाठी झगडतात. पण त्या झगड्यातून वंशाला नवं रक्त मिळतं.

अशीच एक नोंद आपल्या देशाशी जोडलेली आहे. याच कृमीचा चुलतभाऊ म्हणजे सीनोऱ्हाब्डायटिस ब्रिग्सी. त्याच्यावर जगभर ज्या वाणावर सर्वाधिक काम झालं, तो वाण अहमदाबादच्या मातीतून वेगळा केलेला आहे. 2003 साली ज्या वाणाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तो हाच. या जातीनेही स्वफलन स्वतंत्रपणे मिळवलं आहे. तिच्यात लॅमुनियन आणि वॉर्ड यांना 1997 साली आणखी एक पदर दिसला. नराचे निम्मे शुक्राणू एक्स गुणसूत्र घेऊन जातात, त्यांपासून उभयलिंगी होतात. उरलेल्यांत ते नसतं, त्यांपासून नर होतात. या दोन गटांतही शर्यत लागते आणि एक्सवाले पुढे जातात! म्हणून मीलनानंतरच्या सुरुवातीच्या पिलांत उभयलिंगींचं प्रमाण जास्त असतं. एकाच बापाचे शुक्राणूसुद्धा आपसात सारखे नसतात.

सगळेच प्राणी हाच नियम पाळतात असं नाही. गोड्या पाण्यातल्या एका गोगलगाईत, बायोम्फॅलेरियात, ब्राझीलच्या पराएन्से यांनी 1955 साली रंगहीन आणि काळसर जातींची जोडी लावून पाहिली. एकटी असताना रंगहीन पिलं देणारी गोगलगाय मीलनानंतर बहुतेक काळसर पिलं देऊ लागली. तिथेही पाहुण्यांचाच मान पहिला. उलट अमेरिका खंडाच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीत राहणारा एक छोटा मासा आहे. तो स्वफलन करतो हे रॉबर्ट हॅरिंग्टन यांनी 1961 साली फ्लोरिडात दाखवलं. हा मासा आपली अंडी शरीराच्या आतच फळवून मग बाहेर घालतो. नराला मिळतात ती चुकून न फळता बाहेर पडलेली थोडी अंडी. तिथे पहिली पंगत घरच्यांची, पाहुण्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. फरक शुक्राणूंच्या ताकदीचा नाही, अंडं कुठे आणि कधी फळतं याचा आहे.

स्पर्धा नसण्याचीही किंमत असते. 2014 साली टोरोंटो आणि मेरीलँड विद्यापीठांतल्या संशोधकांनी आपल्या या स्वफलनी कृमीला दुसऱ्या, नर-मादी वेगळे असलेल्या जातींच्या नरांबरोबर ठेवलं. त्या जातींत नरांची स्पर्धा सतत चालू असल्यामुळे शुक्राणू दांडगे असतात. ते पिशवीत थांबलेच नाहीत. अंडाशयात घुसले, काही तर शरीराच्या पोकळीत पसरले. बऱ्याच उभयलिंगी वांझ झाल्या आणि लवकर मेल्या. दांडग्या पाहुण्यांची सवय असलेल्या माद्यांनी त्यांना आवरण्याची ताकदही कमावलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या शांत घरात राहिलेल्यांकडे ती उरलेली नसते.

तर मंडळी, स्वावलंबनाची ही अशी गोष्ट. एकट्याने चालवलेला संसार वेगाने वाढतो, जोडीदार शोधण्याची दगदग वाचते, नव्या फळावर एकच जीव पोचला तरी वसाहत उभी राहते. पण रोगाची साथ आली की त्याच घराण्याला बाहेरचा माणूस लागतो. या एक मिलिमीटरच्या जिवाने दोन्ही दारं ठेवली आहेत. घरची तीनशेची शिल्लक रोजच्या जगण्यासाठी, आणि क्वचित येणाऱ्या पाहुण्याला पुढची जागा. तुमच्या परसातल्या कुजक्या पानांखाली, पडलेल्या फळाच्या गरात असे सूत्रकृमी हजारोंनी असतील. नुसत्या डोळ्यांना ते दिसणार नाहीत, पण नर कशाला, या प्रश्नाचा हिशेब तिथे रोज नव्याने मांडला जात असतो.